फादर थॉमस स्टीफन्स : ओवीतून तारण सांगणारे पाद्री



आपल्या बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला मराठी भाषेचे मोठेपण कोणी वेगळे सांगायला नको. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. त्याच गावात पुढे दासोपंत होऊन गेले. त्यांनी इतके लिहिले की कागद पुरेना म्हणून कापडावरही लिहिले, ती त्यांची पासोडी. दासोपंतांनी शके १५३७ मध्ये देह ठेवला. अगदी त्याच सुमारास, इ. स. १६१६ मध्ये, गोव्यातल्या रायतूर गावी, ज्याला आज राशोल म्हणतात, मराठी ओव्यांचा एक मोठा ग्रंथ छापून बाहेर पडला. त्यात आदामापासून प्रभू येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा होती. जवळजवळ अकरा हजार ओव्या. लिहिणारा कोकणातला नव्हता, देशावरचाही नव्हता. तो इंग्लंडमध्ये जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू होता. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स आणि ग्रंथाचे नाव 'ख्रिस्तपुराण'.

शाळेत मराठीच्या पुस्तकात हे नाव आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. मराठी भाषेची स्तुती करणारा परदेशी पाद्री एवढीच त्यांची ओळख तिथे असते. ती खरी आहे, पण फार अपुरी आहे. भाषेवर प्रेम करायला ते इकडे आले नव्हते. तारणाची वार्ता सांगायला आले होते, आणि ती सांगता सांगता भाषेच्या प्रेमात पडले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ सालचा, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा. वडील व्यापारी. थॉमस लहान असतानाच, १५५८ मध्ये, एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी कॅथलिक मिस्सा बेकायदेशीर ठरली. मिस्सा ऐकली तर दंड, धर्मगुरूला घरात लपवले तर त्याहून मोठी शिक्षा, आणि पुढे पुढे तर धर्मगुरू असणे हाच राजद्रोह. आज आपण रविवारी घंटा वाजली की घरातून निघतो, कोणी उशिरा येतो, कोणी मोबाईल खिशात चालू ठेवतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मिस्सेला जाणारा माणूस मागे कोणी येत नाही ना हे पाहून जात असे.

तरुणपणी थॉमस यांची मैत्री थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी जमली. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचा होता. देश सोडून जाणे सोपे नव्हते, म्हणून स्टीफन्स पाउंड यांचे नोकर बनून त्यांच्याबरोबर राहिले. आणि निघायची वेळ जवळ आली तेव्हा पाउंड पकडले गेले. पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी या ना त्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये येशूसंघात दाखल झाले. एकाला तुरुंग मिळाला, दुसऱ्याला हिंदुस्थान. देवाने असे वाटप का केले, याचे उत्तर त्या दोघांपैकी कोणाला मिळाले असेल असे मला वाटत नाही. पण दोघांनीही आपापला वाटा नाकारला नाही.

रोममध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. संत फ्रान्सिस झेवियर यांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती, आणि पूर्वेकडच्या कामाची पत्रे युरोपभर वाचली जात होती. स्टीफन्स यांनी हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली. ४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा ताफा लिस्बनहून निघाला, त्यात ते होते. गोव्याला पोहोचले २४ ऑक्टोबरला. साडेसहा महिने समुद्रावर! त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी १० नोव्हेंबरला वडिलांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात केले आहे. वारा पडला की जहाज दिवसेंदिवस जागचे हलत नसे. ताजे अन्नपाणी नसल्यामुळे लोकांच्या हिरड्या सुजत, पाय सुजत. दीडशेच्या वर माणसे आजारी पडली, सत्तावीस मेली, आणि त्या मार्गावर एवढीच मेली म्हणजे थोडीच मेली असा त्यांचा हिशेब आहे. दिशा चुकून जहाज भलतीकडे गेले होते. जमीन जवळ आली की नाही हे आकाशातल्या पक्ष्यांवरून ओळखावे लागले.

हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि ते वाचून तिकडच्या व्यापाऱ्यांची पूर्वेकडची ओढ वाढली असे इतिहासकार सांगतात. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते. मुलाने बापाला खुशाली कळवली, आणि त्या पत्रातून व्यापाऱ्यांनी वाट शोधली. माणूस लिहितो एका हेतूने, जग वाचते दुसऱ्या. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्यांचे सोबती, हे इंग्रज व्यापारी, होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. ज्या देशात त्यांच्या धर्मबंधूंना फासावर चढवत होते त्या देशाची ही माणसे. तरी त्यांनी ती सोडवली.

आता साष्टीकडे येऊ. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा दक्षिण गोव्यातला प्रदेश. १५४३ पासून तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. फादर स्टीफन्स यांचे जवळजवळ सगळे आयुष्य इथे गेले. सुमारे चाळीस वर्षे. ते गावोगाव हिंडले, काही वर्षे तिथल्या विद्यालयाचे प्रमुख राहिले, आणि पुन्हा कधी मायदेशी गेले नाहीत.

या काळाविषयी लिहिताना धर्मगुरूने आढेवेढे घेऊ नयेत. गोव्यात सुवार्ता नेहमी हात जोडून आली नाही. साष्टीत देवळे पाडली गेली, पोथ्या काढून घेतल्या गेल्या, जुने सण आणि विधी यांवर बंदी आली. या कामात पोर्तुगीज सत्तेबरोबर काही धर्मगुरूही होते. कुंकळ्ळी गावच्या लोकांनी याला विरोध केला. त्यांची देवळे पाडणाऱ्या मोहिमांत येशूसंघाचे लोक त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १५८३ च्या जुलैत पाच येशूसंघीय तिथे चर्चसाठी जागा पाहायला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. त्यांच्यात रुदोल्फ आक्वाविवा होते. ते काही महिन्यांपूर्वीच फत्तेपूर सिक्रीहून, अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. त्यांच्याबरोबर गेलेले काही स्थानिक ख्रिस्ती लोकही मारले गेले. देह विहिरीत टाकले होते. ते मिळवून त्यांचे विधिवत दफन करण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. चर्चने त्या पाच जणांना १८९३ मध्ये धन्यवादित घोषित केले. त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण असोळण्याला मेलेल्यांचीही मुलेबाळे होती, हे मी विसरू शकत नाही, आणि तुम्हीही विसरू नये.

स्टीफन्स त्या वेळी चौतीस वर्षांचे. आपल्याबरोबर जेवणारे, प्रार्थना करणारे बांधव त्यांनी मातीत ठेवले. याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भावाला, रिचर्डला, एक पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकिगत आहे. आणि त्याच पत्रात इथल्या भाषांविषयी मजकूर आहे : या भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कर्कश नाहीत, आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे. पुढे दोनशे वर्षांनी विल्यम जोन्स यांनी जी गोष्ट जगाला पटवली, तिची ही पहिली चाहूल. पण विद्वानांचे कौतुक बाजूला ठेवा. मला त्या पत्रात एवढेच दिसते की मित्रांच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना हा मनुष्य त्या मुलुखाच्या बोलीत काहीतरी सुंदर आहे हे ऐकत होता. रागाने त्याचे कान बंद झाले नव्हते.

ख्रिस्तपुराण त्यानंतर तेहतीस वर्षांनी आले. ते का लिहिले हे ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगितले आहे. साष्टीत धर्मशिक्षणाला जमलेल्यांमधून एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तुमच्या धर्माचे पुराण आम्हाला का देत नाही? प्रश्न साधा होता आणि त्यात न्याय होता. ज्या घरात रोज संध्याकाळी पोथी वाचली जात होती, ते घर मुके झाले होते. माणसाची पोथी काढून घेतली आणि हातात फक्त दहा आज्ञांचा पाठ दिला, तर त्याचे पोट भरेल का? फादर स्टीफन्स यांना तो प्रश्न लागला. त्याचे उत्तर द्यायला ते बसले तेव्हा त्यांनी पोर्तुगीज पद्धतीचे प्रश्नोत्तर लिहिले नाही. त्यांनी ओवी उचलली.

ओवी म्हणजे आपली ओवी. ज्ञानेश्वरीची, नाथांची, दासोपंतांची. आणि पोथीतल्या ओवीच्याही आधीची, जात्यावरची. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या आयाबहिणींनी बाबासाहेबांवर रचलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. ज्यांना कोणी पाटीपुस्तक दिले नाही त्यांनीही ओवी स्वतःची करून घेतली होती. देशावरची कुणबीण, गावकुसाबाहेरची म्हातारी, पैठणचे नाथ आणि विल्टशरचा पाद्री या सगळ्यांना पुरून उरलेला असा छंद जगात दुसरा असेल का, मला शंका आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे नव्या कराराचे. अध्यायांना त्यांनी 'अवस्वरू' म्हटले आहे. पहिल्या आवृत्तीवरचे पोर्तुगीज नाव पुराण असे नव्हते. आपले तारणारे येशू ख्रिस्त यांच्या जगात येण्याविषयीचे निरूपण, अशा अर्थाचे ते नाव होते. म्हणजे विषय पहिल्या पानापासून तारण हाच होता. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा यांचे पतन, कुलपती, संदेष्टे, राजे, आणि शेकडो वर्षांची वाट पाहणे आहे. दुसऱ्यात मरियामाता, ख्रिस्तजन्म, शिकवण, दुःखसहन, क्रूस, पुनरुत्थान. वाचणाऱ्याला पहिल्या भागात घाई होते, तारणारा अजून का येत नाही असे वाटू लागते. ते तसे वाटावे म्हणूनच तो भाग एवढा मोठा आहे असे माझे मत आहे. आगमनकाळाचे चार आठवडेही आपल्याला लांब वाटतात.

आता शब्दांचा प्रश्न. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सगळे तिथेच आहे.

तारण हे कोणत्या शब्दात सांगायचे? पोर्तुगीज शब्द तसाच ठेवला तर तो शुद्ध राहतो, पण मनात उतरत नाही. मराठी शब्द घेतला तर तो मनात उतरतो, पण स्वतःबरोबर जुना अर्थ घेऊन येतो. फादर स्टीफन्स यांनी दुसरी वाट धरली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. मुक्तीला मोक्ष म्हटले. काही ठिकाणी, संस्कारांसारख्या गोष्टींना, परके शब्द ठेवले. त्यांना यातला धोका कळत नव्हता असे नाही. रोममध्ये शिकलेला मनुष्य शब्दाला शब्द लावताना दहा वेळा विचार करतो. मोक्ष म्हणजे सुटका. आपल्या मुकुंदराजांच्या विवेकसिंधूत अद्वैताचा विचार मांडला आहे. त्या विचारात बंधन हे अज्ञानाचे असते, आणि ज्ञान झाले की बंधन मुळात नव्हतेच हे कळते. तिथे सोडवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. त्याचा अभ्यास मी सेमिनरीत केला तेव्हा त्याच्या उंचीने मी दिपून गेलो होतो, आणि आजही त्याच्याविषयी हलके बोलणे मला आवडत नाही. पण शुभवर्तमानातली सुटका वेगळी आहे. तिथे बंधन खरे आहे, कर्ज खरे आहे, आणि सोडवणारा दाराशी येतो.

लॅटिनमध्ये तारणासाठी जो एक शब्द आहे, 'रेदेम्प्सियो', त्याचा मूळ अर्थ परत विकत घेणे, पैसे भरून सोडवून आणणे असा आहे. हे समजायला आपल्या जिल्ह्यात शब्दकोश लागत नाही. आपल्याकडे दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेतली जाते. नवराबायको मिळून एक कोयता. सहा महिने फडावर राबायचे, आणि हंगाम संपला की हिशेब. बारीने, मोळीने, टनाने फेडत जायचे. आजारपण आले, बैल गेला, पाऊस झाला, की उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर चढते. उचल अंगावर असलेला मनुष्य दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकत नाही. त्याला कितीही ज्ञान झाले तरी वहीतला आकडा पुसला जात नाही. तो आकडा पुसायला कोणीतरी ती रक्कम भरावी लागते. आता असा विचार करा की भरणारा मुकादमाचा नातेवाईक नाही, कारखान्याचा माणूस नाही, तो स्वतः कोयता घेऊन त्याच फडात, त्याच पालात राहायला आला आहे. आपल्या गावातल्या कोणाही म्हाताऱ्याला मी हे सांगितले तर पुढचे मला सांगावे लागत नाही.

फादर स्टीफन्स यांनी मोक्ष हा शब्द घेतला आणि अकरा हजार ओव्यांची कथा त्याच्याभोवती बांधली. शब्द तोच राहिला, पण कथा ऐकता ऐकता ऐकणाऱ्याच्या मनात त्यात सोडवणारा येऊन उभा राहिला. शब्दाची व्याख्या न बदलता त्याच्या पोटात दुसरा अर्थ वाढू देणे, हे काम प्रवचनाने होत नाही, पुराणाने होते. आणि त्यांना इथल्या मातीत आधारही होता. भक्तिमार्गात देव धावून येतो, भक्ताच्या हाकेला ओ देतो, त्याच्या घरी पाणी भरतो. नाथांच्या गोदावरीकाठी हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून कृपा हा शब्द साष्टीच्या श्रोत्याला शिकवावा लागला नसेल. ती कृपा क्रूसावर जाते, हे मात्र नवीन होते.

त्यांच्या मराठीत कोकणीचा शिडकावा आहे. ऐकणाऱ्याला कळावे म्हणून त्यांनी अवघड संस्कृत शब्द टाळून बोलीतले शब्द घेतले. मराठीची थोरवी गाताना त्यांनी फुले, सुगंध, पक्षी, रत्ने यांच्या उपमा ओळीने लावल्या आहेत. ज्या भाषेत त्यांची आई कधी बोलली नव्हती तिच्याविषयी असे लिहायला मनुष्य तिच्यात किती वर्षे राहिला असेल! वधस्तंभाखाली मरियामातेचा शोक आला की ही मराठी पुस्तकी राहत नाही. मुलगा गेलेली कोणतीही आई तशीच रडते.

एक इच्छा मात्र त्यांची पुरी झाली नाही. गोव्यात छापखाना होता, पण त्यात रोमी अक्षरेच होती. ख्रिस्तपुराण रोमी लिपीत छापले गेले. १६०८ च्या डिसेंबरात त्यांनी रोमला, येशूसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहून इथल्या लोकांच्या लिपीत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. सहाशे खिळे लागतील ही अडचण त्यांनीच मांडली, आणि ते दोनशेपर्यंत कसे आणता येतील याचा हिशेबही त्यांनीच दिला. ते खिळे पाडले गेले नाहीत. लोकांचे पुराण लोकांच्या अक्षरांत छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१६१६ साली ग्रंथ निघाला तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे कोकणीतले धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या मागे, रायतूरला छापली गेली. ते व्याकरण कोकणीचे पहिले छापील व्याकरण आहे. ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. आणि नंतर वारा फिरला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत तारण सांगितले गेले होते, तीच भाषा ख्रिस्ती राज्यकर्त्यांना नकोशी झाली. आजही कोणी आपल्याला विचारतो की तुमचा देव परका का, तेव्हा मला या हुकमाची आठवण येते. देवाला परका करण्याचे काम अनेकदा आपल्याच माणसांनी केले आहे.

तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचे ज्ञात नाही. एकही नाही. मनुष्याच्या चाळीस वर्षांच्या कष्टाचे असे व्हावे?

पण ग्रंथ मेला नाही. तो साध्या माणसांनी जगवला. गोव्यातले ख्रिस्ती लोक मंगळूरकडे गेले तेव्हा हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या गाठोड्यात बांधून घेऊन गेले. देवळात आणि घरात, विशेषतः उपवासकाळात, ख्रिस्तपुराण गाऊन वाचले जात राहिले. बापाने लिहिले, मुलाने पुन्हा उतरवले, सुनेने पाठ केले. पिढ्यानपिढ्या. १९०७ मध्ये मंगळूरच्या जे. एल. सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून तो पुन्हा छापला. १९२० नंतरच्या काळात जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांनी लंडनच्या एका संग्रहातले देवनागरी हस्तलिखित उजेडात आणले. म्हणजे कोणीतरी ते इथल्या अक्षरांत लिहून ठेवले होतेच! १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केले, आणि १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती आली. सालेशियन संघाचे फादर नेल्सन फलकाव यांनी त्यावर मोठे संशोधन करून आजच्या मराठीतही अर्थ दिला. पत्रात मागितलेले खिळे साडेतीनशे वर्षांनी मिळाले.

देवावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, असे मला मागच्या महिन्यात एका तरुणाने विचारले. त्याची परीक्षा गेली होती, घरी बाप आजारी होता, आणि तो थोडा रागातच होता. भरवसा ठेवला की मिळते का, असे त्याचे म्हणणे. मी त्याला फादर स्टीफन्स यांचा हिशेब सांगितला. मित्राबरोबर रोमला जायचे होते, मित्र तुरुंगात गेला. मायदेश परत पाहायला मिळाला नाही. बांधव मारले गेले. मागितलेली लिपी मिळाली नाही. छापलेली पुस्तके नाहीशी झाली. जमेच्या बाजूला, त्यांच्या हयातीत, फार थोडे आहे : रविवारी दुपारी साष्टीच्या एखाद्या देवळात बसलेली माणसे आणि त्यांच्या कानावर पडणाऱ्या ओव्या. तरुण म्हणाला, मग ते थांबले का नाहीत? मी म्हटले, हे तू त्यांच्या ग्रंथात शोध. तो हसला नाही, पण पुस्तक घेऊन गेला. अजून परत आणलेले नाही, आणि मी मागणारही नाही.

दुसरी प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवली आहे. येत्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर दुसऱ्या पुराणातला दुःखसहनाचा भाग थोडा थोडा वाचायचा आहे. भाषा जुनी आहे, काही शब्द अडतील, ते तिथल्या तिथे सोडवू. ज्यांचा गळा चांगला आहे त्यांनी आधी मला भेटावे, कारण ओवी नुसती वाचण्यासाठी नसते. त्या दिवसांत आपली अर्धी घरे फडावर असतील, कोणी कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. त्यांना ऐकता यावे म्हणून वाचन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून पाठवण्याचे काम युवक मंडळाने अंगावर घेतले आहे. आपल्या घरातले जे बाहेर आहेत त्यांचे नंबर रविवारच्या मिस्सेनंतर मंडळाकडे द्यावेत.